१२९६: देवगिरी, दिल्ली, आळंदी आणि एका वर्षाच्या तारखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या इतिहास दालनासाठी ‘मध्ययुगातलं एक वर्ष’ असा मोठा फलक करायचाय आणि वर्ष निवडलंय १२९६. अल्लाउद्दीन खलजीची देवगिरीवरची स्वारी एका पुस्तकात १२९४ ला आहे, दुसऱ्यात १२९६ ला. ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीची इंग्रजी तारीख दोन ठिकाणी दोन दिसते. शिवाय तुमचे एक सहकारी म्हणतात की स्वारी आणि समाधी एकाच वर्षी, म्हणजे दोन्हींचा संबंध असणारच. फलकावर नेमकं काय लिहावं, हे तुम्ही विचारलंत.

वर्ष निवडताना तुम्ही नकळत फार चांगलं वर्ष निवडलंय. मी यादवकालीन कोरीव लेखांच्या तिथी लावण्याचं काम करते, आणि या वर्षाशी माझी गाठ वारंवार पडते. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत: घटना कधी घडली, ती कोणाच्या कालगणनेत नोंदली गेली, आणि शेजारी ठेवलेल्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध होता का. ते सुटे केले की फलक आपोआप उभा राहतो.

आधी वर्षाचंच पाहू. १२९६ हा आकडा तेव्हा आपल्याकडे कोणालाच माहीत नव्हता. देवगिरीत शके १२१७ चालू होतं आणि मार्चमध्ये १२१८ लागलं. दिल्लीत हिजरी ६९५ होतं, ते १२९५ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन १२९६ च्या ऑक्टोबरअखेर संपलं. युरोपातही सगळीकडे नवं वर्ष १ जानेवारीला लागत नव्हतं. इंग्लंड आणि फ्लॉरेन्समध्ये ते २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे आपण ज्याला फेब्रुवारी १२९६ म्हणतो त्याला तिथले कारकून १२९५ च लिहीत. म्हणजे ‘१२९६ मधल्या घटना’ ही चौकट आपण नंतर बसवलेली आहे. ती बसवायला हरकत नाही, फक्त कोणती घटना कोणत्या मूळ नोंदीवरून आत आली हे स्वतःपाशी टिपून ठेवा. निम्मे घोळ इथेच मिटतात.

आता देवगिरी. १२९४ हे साल जुन्या इंग्रजी इतिहासग्रंथांतून आपल्या पाठ्यपुस्तकांत आलं, आणि त्या ग्रंथांचा मोठा आधार फिरिश्ता हा फारसी इतिहासकार. तो विजापुरात आदिलशाहीच्या आश्रयाने लिहीत होता, तेही सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे स्वारीनंतर तीनशे वर्षांनी. त्याच्याकडे तपशील भरपूर आहेत, पण तारखांच्या बाबतीत मी त्याच्यावर भार टाकत नाही. अमीर खुसरो मात्र अल्लाउद्दीनच्या दरबारातला माणूस, त्याच काळात जगलेला. तो दिवसवार सांगतो: हिजरी ६९५ च्या १९ रबिलाखरला अल्लाउद्दीनने त्याचं ठाणं कडा सोडलं, २८ रज्जबला परत. हे २६ फेब्रुवारी आणि ३ जून १२९६ ला येतं. १२९४ च्या घोळाला आणखी एक कारण असावं असं मला वाटतं. अल्लाउद्दीनने आधी भेलसा, म्हणजे आजचं विदिशा लुटलं होतं, आणि देवगिरीच्या संपत्तीची वार्ता त्याला तिथेच लागली. दोन स्वाऱ्यांमधलं अंतर पुढच्या लेखकांच्या हातून सहज पुसलं जाऊ शकतं.

तारीख नुसती ग्रंथात सापडली म्हणून मी ती घेत नाही, ऋतूशी ताडून पाहते. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर लागतो, म्हणजे साधारण आपल्या शुद्ध प्रतिपदा किंवा द्वितीयेच्या संध्याकाळी. त्यामुळे १९ रबिलाखर म्हणजे आपल्याकडे फाल्गुन वद्य पंचमीच्या आसपासचा दिवस. रंगपंचमीच्या सुमाराला फौज निघाली, आठ-दहा दिवसांत वाटेतच पाडवा झाला. परतीची २८ रज्जब म्हणजे ज्येष्ठ अमावास्येच्या तोंडावर. कडा हे आजच्या प्रयागराजजवळ गंगेकाठी. तिथून देवगिरी सरळ रेषेतच नऊशे किलोमीटरच्या घरात, आणि वाट विंध्य-सातपुड्यातून. रब्बीचं पीक हाताशी येत असताना निघायचं, म्हणजे घोड्यांना दाणा-वैरण मिळते, आणि नद्या भरायच्या आत घरी पोचायचं. स्वारीचा हंगाम असाच असतो. खुसरोच्या तारखा या हंगामात चपखल बसतात, म्हणून मी त्या निःशंकपणे वापरते. तुम्हीही फलकावर १२९६ च लिहा.

त्या सव्वातीन महिन्यांत काय झालं हे मुलांना सांगण्यासारखं आहे. अल्लाउद्दीन तेव्हा सुलतान नव्हता. तो जलालुद्दीन खलजीचा पुतण्या आणि जावई, कड्याचा सुभेदार. काकाला न कळवता आठ हजारांच्या आसपास घोडदळ घेऊन तो चंदेरी आणि एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अचलपूरच्या वाटेने उतरला. आपण सुलतानावर रुसून राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला चाललो आहोत, अशी हूल त्याने उठवली होती. रामदेवराव यादवाची मुख्य फौज मुलाबरोबर दूर गेली होती. रामदेवराव गडावर अडकला. किल्ल्यात घाईघाईने चढवलेली पोती धान्याची समजली होती, ती मिठाची निघाली, ही गोष्ट फिरिश्ताची आहे. फलकावर घेतलीत तर ‘फिरिश्ता सांगतो’ एवढे दोन शब्द आधी जोडा. सोन्या-मोत्यांचे शेकडो मणांचे आकडेही त्याचेच, त्यांनाही तीच अट. मुलगा परत येऊन लढला, हरला, आणि खंडणी आणखी वाढली. एलिचपूर प्रांताचं उत्पन्न दरसाल द्यायचं ठरलं.

पण यादवांचं राज्य १२९६ मध्ये बुडालं, असं कृपा करून लिहू नका. हे वाक्य मला इतक्या ठिकाणी भेटतं की दर वेळी जीव तळमळतो. रामदेवराव त्यानंतरही गादीवर होता. खंडणी थकली म्हणून दशकभराने अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला, रामदेवरावाला दिल्लीला नेलं, आणि ‘राय रायान’ असा किताब देऊन परत पाठवलं. यादवांची सत्ता पूर्ण संपली ती १३१७-१८ च्या सुमाराला, हरपालदेवाच्या वधानंतर. १२९६ मध्ये तुटला तो दख्खन उत्तरेपासून लांब आहे, सुरक्षित आहे, हा भरवसा.

आता या वर्षातला जो दुवा सर्वांत घट्ट आहे, तिकडे येते. देवगिरीच्या सोन्याने दिल्लीचं तख्त विकत घेतलं. जलालुद्दीनला पुतण्याच्या स्वारीची बातमी लागली होती, पण त्याचा विश्वास उडाला नाही. भर पावसाळ्यात, रमजान महिन्यात, तो मोजक्या माणसांनिशी नावेतून गंगा ओलांडून कड्याला भेटीला आला. १९ जुलैच्या सुमाराला नदीकाठावरच त्याचा खून झाला. तिकडे दिल्लीत सुलतानाच्या बेगमेने धाकट्या मुलाला रुक्नुद्दीन म्हणून गादीवर बसवलं, थोरला अर्कली खान मुलतानात राहिला. अल्लाउद्दीनने दिल्लीची वाट धरली, आणि दिल्लीचा इतिहासकार बरनी लिहितो की वाटेत प्रत्येक मुक्कामावर छोट्या मंजनिकेतून, म्हणजे गोफणयंत्रातून, पाच मण सोन्याच्या चांदण्या जमलेल्या लोकांवर उधळल्या जात. बरनीने हे साठ वर्षांनी लिहिलं, वजनाबद्दल तुम्ही शंका घेऊ शकता. पण माणसं कशाने फिरली याबद्दल शंका नको. दिल्लीचे सरदार एकामागून एक त्याला येऊन मिळाले. यमुनेचं पाणी ओसरेपर्यंत त्याला थांबावं लागलं, आणि २१ ऑक्टोबर १२९६ ला दिल्लीत राज्यारोहण झालं. वर्षाच्या आरंभी निघालेला सुभेदार वर्षाच्या शेवटी सुलतान, आणि मधली शिडी देवगिरीची. हा कार्यकारणसंबंध आहे. फलकावर देवगिरीपासून दिल्लीपर्यंत एक ठळक बाण काढा, तो पुराव्यावर उभा राहील.

तुमच्या सहकाऱ्यांचा प्रश्न याच्याशेजारी ठेवून पाहा. वारकरी परंपरेने समाधीची तिथी जपली आहे: शके १२१८, दुर्मुख संवत्सर, कार्तिक वद्य त्रयोदशी, गुरुवार. ही तिथी तपासता येते, आणि तपासावी, कारण परंपरेने दिलेला वार आणि संवत्सर म्हणजे आपल्या हाती दिलेल्या किल्ल्याच आहेत. संवत्सर साठ वर्षांनी परत येतं. शके १९३८, म्हणजे २०१६ चा पाडवा, दुर्मुख संवत्सराचा होता. १९३८ मधून १२१८ वजा केले की ७२० उरतात, बरोबर बारा फेऱ्या. संवत्सर जुळलं. जुन्या तिथी आणि इंग्रजी तारखांचा मेळ देणाऱ्या जंत्रीत ही तिथी २५ ऑक्टोबर १२९६ ला येते आणि त्या दिवशी गुरुवारच होता. वार जुळला. अल्लाउद्दीनचं राज्यारोहण खुसरोच्या नोंदीनुसार २२ जिल्हेजचं, म्हणजे आपल्याकडे वद्य अष्टमी-नवमी. तिथून चौथ्या-पाचव्या दिवशी त्रयोदशी येते. एक नोंद फारसीतली, एक मराठी भक्तांच्या स्मरणातली, दोघांना एकमेकांची गंधवार्ता नाही, आणि तरी दोन्ही एकाच अमावास्येकडे उतरणाऱ्या चंद्राखाली नेमक्या बसतात. हे पहिल्यांदा लावून पाहिलं तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले होते.

दुसरी इंग्रजी तारीख दिसते ती बहुधा दोन कारणांनी. एक, त्या वर्षी आश्विन-कार्तिकाच्या सुमाराला सूर्यसंक्रांत, म्हणजे सूर्याचा नव्या राशीतला प्रवेश, आणि अमावास्या अगदी लगोलग आल्या होत्या, आणि अशा वेळी कोणता महिना अधिक धरायचा यावर गणित महिनाभराने सरकू शकतं. वार हाताशी असला की निवड करता येते, आणि गुरुवार २५ ऑक्टोबरकडे बोट दाखवतो. दोन, काही जण आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तारीख काढतात. तेराव्या शतकात जुन्या ज्युलियन आणि आजच्या पद्धतीत सात दिवसांचा फरक होता. सात दिवस म्हणजे पूर्ण आठवडा, म्हणून मोबाइलवरचं कॅलेंडर मागे नेलंत तर वार बरोबर दिसतो आणि आपण गाफील राहतो. चंद्र मात्र आठवडाभर चुकलेला असतो. तुमच्या फलकावरच्या सगळ्या तारखा ज्युलियन ठेवा आणि तसं एका कोपऱ्यात लिहा.

तर संबंध होता का? माझं मत स्पष्ट आहे: राज्यारोहण आणि समाधी यांत चार दिवसांचं अंतर आहे, कार्यकारण नाही. स्वारी समाधीच्या आधी पाच-सहा महिने झाली, हे खरं. माउलींच्या कानावर ती गेली असणं अगदी शक्य आहे. देवगिरी त्यांच्यासाठी परका मुलूख नव्हता. नेवासे तिथून सरळ रेषेत जेमतेम पन्नास किलोमीटर, आणि शके १२१२ मध्ये, स्वारीच्या सहा वर्षं आधी, ज्ञानेश्वरी पुरी करताना त्यांनी देवगिरीच्या याच राजाचा, म्हणजे रामदेवरावाचा, आदराने उल्लेख केलाय: ‘तेथ यदुवंशविलास । जो सकळकळानिवास । न्यायातें पोषी क्षितीश । श्रीरामचंद्र ॥’ पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखातही हाच रामचंद्र आणि त्याचा प्रधान हेमाद्री भेटतात. राजाची दुर्दशा या मंडळींना लागली नसेल असं कोण म्हणेल? पण समाधीचं कारण म्हणून ती पुढे करायची तर त्या अनुभवाची कुठे तरी खूण हवी. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत भावंडांचा आकांत आहे, संतांची दाटी आहे, इंद्रायणीचा काठ आहे. फौजेची चाहूल नाही. वेगळ्या कारणाने, वेगळ्या तयारीने उचललेलं ते पाऊल आहे, आणि त्याला राजकारणाच्या दावणीला बांधणं दोन्ही घटनांवर अन्याय करतं. मुलांना दोन्ही शेजारी-शेजारी दाखवा, फक्त मध्ये बाण काढू नका. महिनाभराने मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सोपानदेवांनी सासवडला समाधी घेतली, ती नोंदही इथेच यावी. मुक्ताबाई आणि निवृत्तिनाथ शके १२१९ मध्ये, म्हणजे तुमच्या चौकटीबाहेर. पण कुटुंबाची गोष्ट अर्धी सोडू नका, एका ओळीत ते सांगून टाका.

उरलेल्या जगाचं काय घ्यावं, हे तुमच्याकडे जागा किती आहे यावर अवलंबून. पंधरा-वीस घटनांचे तुकडे चिकटवले तर मुलं दोन मिनिटांत पुढे जातील. मी असते तर एक प्रश्न घेऊन निवडलं असतं, आणि १२९६ ला तो प्रश्न फार नैसर्गिकपणे सापडतो: लढाईचा पैसा कुठून आणायचा? अल्लाउद्दीनने लुटीतून आणला. तो कडा सोडत होता त्याच आठवड्यात, २४ फेब्रुवारीला, पोप आठवा बोनिफेस फर्मान काढत होता की पोपच्या परवानगीशिवाय धर्मगुरूंनी कोणत्याही राजाला कर देऊ नये, आणि राजांनी घेऊ नये. दिला-घेतला तर धर्मबहिष्कार. कारण इंग्लंडचा पहिला एडवर्ड आणि फ्रान्सचा चौथा फिलिप एकमेकांशी लढत होते, आणि दोघेही चर्चच्या उत्पन्नावर हात टाकत होते. फिलिपने ऑगस्टमध्ये उत्तर दिलं, आपल्या राज्यातून सोनं-चांदी बाहेर न्यायलाच बंदी घातली. रोमकडे जाणारा ओघ आटला. एडवर्डची दुसरी आघाडी स्कॉटलंडची. स्कॉटलंडने फ्रान्सशी हातमिळवणी केली म्हणून तो उत्तरेला वळला, ३० मार्चला बर्विक शहर लुटून कत्तल केली, २७ एप्रिलला डनबारची लढाई जिंकली, जुलैत स्कॉटलंडचा राजा जॉन बॅलिओल याला पदच्युत केलं, आणि स्कॉटलंडच्या राजांचा अभिषेक ज्या शिळेवर होई ती उचलून वेस्टमिन्स्टरला नेली. ती शिळा १९९६ मध्ये, बरोबर सातशे वर्षांनी, स्कॉटलंडला परत गेली. मुलांना हे नक्की लक्षात राहतं. देवगिरी आणि बर्विक यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, पण एकाच प्रश्नाची ती दोन उत्तरं आहेत, आणि शेजारी ठेवण्याला तेवढं कारण पुरेसं आहे.

या प्रश्नात न बसणारी तरी मी सोडणार नाही अशी एक गोष्ट आहे. चीनच्या युआन दरबाराचा एक दूतजथा १२९६ च्या ऑगस्टमध्ये आजच्या कंबोडियातल्या अंगकोरला पोचला आणि पुढच्या जुलैपर्यंत राहिला. त्यात चौ तागुआन नावाचा माणूस होता. त्याने ख्मेर राजधानीचं जे वर्णन लिहून ठेवलं, त्याच्याइतकं सविस्तर समकालीन वर्णन दुसरं उरलेलं नाही. राजवाडे, देवळं तर आहेतच, पण बाजारही आहे: व्यापार बायकांच्या हाती, दुकानं नाहीत, जमिनीवर चटई अंथरून माल मांडलेला. नवा राजा तिसरा इंद्रवर्मन हा आधीच्या राजाचा जावई, आणि बापाची सोन्याची तलवार मुलीने गुपचूप नवऱ्याला दिली म्हणून गादी त्याच्याकडे आली, असंही तो नोंदवतो. दिल्लीतही त्याच वर्षी जावईच तख्तावर बसला! असे योगायोग सापडले की मन लगेच त्यांत अर्थ शोधू लागतं. मुलांना योगायोग म्हणूनच दाखवा. ही शिस्त लहानपणीच लागली तर फार बरं.

फ्लॉरेन्सच्या मोठ्या कॅथीड्रलचा पाया याच सप्टेंबरात घातला गेला. इजिप्तमध्ये भीषण दुष्काळाने पोळलेल्या राज्यात सुलतान कित्बुघाला वर्षाच्या अखेरीस लाजीन नावाच्या सरदाराने हटवलं. जागा उरली तर हे दोन छोटे चौकोन, नाहीतर राहू द्या.

कामाच्या पद्धतीबद्दल एक सांगते, कारण तुम्हाला पुढच्या वर्षी दुसरं साल घ्यावंसं वाटेल. प्रत्येक घटनेसाठी एक कागद करा. वर मूळ नोंद त्याच कालगणनेत लिहा, खाली ती नोंद कोणी आणि घटनेनंतर किती वर्षांनी केली ते, आणि त्याखाली इंग्रजी तारीख. कोरीव लेख असेल तर शक ‘गत’ आहे की ‘वर्तमान’ हे पाहा, कारण लेखातलं वर्ष सरलेलं की चालू यावर साल एकाने बदलतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौष-माघाकडे इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, तिथे ७९ मिळवावे लागतात. अल्लाउद्दीन निघाला तो फाल्गुन शके १२१७ चा, आणि १२१७ मध्ये नुसते ७८ मिळवले तर १२९५ येईल. चूक अशी शिरते.

फलकावर आळंदीच्या चौकोनात मात्र तिथी वर आणि मोठ्या अक्षरांत घ्या: कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, दुर्मुख संवत्सर, गुरुवार. त्याखाली बारीक टायपात २५ ऑक्टोबर १२९६. देवगिरीच्या चौकोनात ‘फेब्रुवारी ते जून १२९६’ एवढंच पुरे. वेढ्याचा नेमका दिवस लिहायचा मोह झाला तरी लिहू नका. दिल्लीच्या चौकोनात २२ जिल्हेज ६९५ आणि २१ ऑक्टोबर दोन्ही द्या. मोठ्या वर्गातल्या मुलांना या दोन चौकोनांवरून चंद्राचं गणित स्वतः करायला सांगा. एक जंत्री आणि अर्धा तास दिला की ती करतील.